नांवें बदललीं, मंडळ राहिलें
बुडापेस्टच्या एम्. टी. के. फुटबॉल-मंडळाची कहाणी

हंगेरी देशाची राजधानी जें बुडापेस्ट शहर, त्याच्या पूर्वभागांतून हुंगारिया नांवाचा एक रुंद वळणमार्ग जातो. ह्या मार्गालगत फुटबॉलचें एक लहानसें क्रीडांगण आहे. सुमारें पांच हजार प्रेक्षक तेथें बसूं शकतात. इतर क्रीडांगणांत गोलांच्या मागेंही प्रेक्षकांच्या पायऱ्या असतात. येथें त्या ठिकाणीं काँक्रीटच्या भिंती उभ्या आहेत. प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला हें एखाद्या दुय्यम प्रतीच्या मंडळाचें घर वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. परंतु ज्या मंडळाचें हें घर आहे, त्यानें तेवीस वेळां आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलेलें आहे. आणि अर्वाचीन फुटबॉल ज्या रीतीनें खेळला जातो, त्या रीतीचा बराचसा भाग ह्याच मंडळाच्या खेळाडूंच्या पायांनीं घडविलेला आहे. मंडळाचें नांव एम्. टी. के.

ह्या मंडळाच्या इतिहासांतील खरें मर्म मात्र अजिंक्यपदांत नाहीं. १९२६ पासून १९५६ पर्यंतच्या तीस वर्षांत त्याला पांच निरनिराळ्या नांवांनीं खेळावें लागलें, आणि मध्यंतरीं पांच वर्षें तर त्याचा संघ मैदानांतूनच नाहींसा झाला होता. नांव गेलें, माणसें गेलीं, धनी बदलले. तरी मंडळ तेंच, असें बुडापेस्टचे लोक मानतात. मग मंडळ म्हणजे नेमकें काय? तें नांवांत असतें, जागेंत असतें, माणसांत असतें, कीं आणखी कशांत असतें? एम्. टी. के. ची कहाणी पाहिली म्हणजे ह्या प्रश्नाचें थोडेंबहुत उत्तर हातीं लागतें.

ह्या कहाणीचा आरंभ १६ नोव्हेंबर १८८८ रोजीं होतो. त्या दिवशीं बुडापेस्टमधील कांहीं तरुणांनीं राष्ट्रीय व्यायाम संघ नांवाच्या जुन्या संस्थेंतून बाहेर पडून स्वतःची नवी संस्था काढली. मग्यार हें हंगेरियन लोकांचें स्वतःचें नांव; त्यावरून संस्थेचें नांव 'मग्यार तेश्टग्याकोर्लोक क्यरे', म्हणजे हंगेरियन व्यायामपटूंचें मंडळ, असें ठेवण्यांत आलें. त्याचींच आद्याक्षरें एम्. टी. के. आपल्याकडे पेठेपेठेंतून तालमी निघाल्या, तशाच स्वरूपाची ही संस्था होती. फरक इतकाच कीं, तेथें कुस्तीच्या हौद्याऐवजीं आरंभीं तलवारबाजी आणि साधनांवरील कसरती ह्यांना अग्रस्थान होतें. निळा आणि पांढरा हे मंडळाचे रंग ठरले. फुटबॉल मागाहून आला. त्याची शाखा १९०१ सालीं निघाली, आणि अवघ्या तीन वर्षांत, म्हणजे १९०४ सालीं, मंडळानें देशाचें पहिलें अजिंक्यपद पटकाविलें.

त्या काळचें बुडापेस्ट हें झपाट्यानें वाढणारें शहर होतें. १९१० च्या शिरगणतींत शहराच्या वस्तींत ज्यू लोकांचें प्रमाण एकपंचमांशाहून अधिक भरलें. व्यापार, वैद्यकी, वकिली, वृत्तपत्रें ह्या सर्व क्षेत्रांत ते पुढें आले होते. ह्या वर्गांतील तरुणांना एम्. टी. के. चें दार प्रारंभापासून मोकळें होतें. मंडळाच्या संस्थापकांत जसे उमराव घराण्यांतील लोक होते, तसे ज्यू मध्यमवर्गीयही होते. पुढें मंडळाची ओळख शहरांतील सुशिक्षित ज्यू लोकांचें मंडळ अशी पडत गेली. परंतु त्याच्या संघांत जात अगर धर्म पाहून कोणास घेतलें किंवा वगळलें जात नव्हतें. १९०५ सालीं मंडळाचें अध्यक्षपद आल्फ्रेड ब्र्यूल ह्या धनिक ज्यू गृहस्थाकडे आलें, आणि पुढें पस्तीस वर्षें तें त्याच्याकडेच राहिलें. ब्र्यूल अविवाहित होता. मंडळ हाच त्याचा संसार म्हटला तरी चालेल. त्याची आस्था केवळ फुटबॉलपुरती नव्हती. १९२४ पासून कांहीं वर्षें तो आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेचाही अध्यक्ष होता. हुंगारिया मार्गालगतचें क्रीडांगण १९१२ सालीं सुरू झालें, तें त्याच्याच कारकीर्दींत.

ह्याच शहरांत १८९९ सालीं फेरेन्त्सवारोश नांवाचें दुसरें मंडळ निघालें होतें. त्याचे रंग हिरवा आणि पांढरा. तें एका कामकरी पेठेचें मंडळ. त्यामुळें ह्या दोहोंच्या सामन्यांना खेळापलीकडची धार असे. हंगेरियन लोक ह्या सामन्याला 'सनातन सामना' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. १९०३ पासून १९२९ पर्यंत देशाचें अजिंक्यपद ह्या दोन मंडळांवांचून तिसऱ्या कोणाच्याही घरीं गेलें नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे त्या चुरशीची कल्पना येईल. १९०९ पासून १९१३ पर्यंत सलग पांच वर्षें तें फेरेन्त्सवारोशकडे होतें. हा क्रम कसा मोडावा, हा ब्र्यूलपुढें प्रश्न होता.

त्यानें जो उपाय योजिला, तो पैशाचा तर होताच, पण त्याहून अधिक शिक्षणाचा होता. जॉन रॉबर्टसन नांवाचा एक स्कॉटिश खेळाडू लंडनच्या चेल्सी मंडळाचा पहिला व्यवस्थापक म्हणून गाजलेला होता. १९११ सालीं एम्. टी. के. नें त्याला शिक्षक म्हणून आणलें. त्या काळीं इंग्लंडांत चेंडू घेऊन एकट्यानें मुसंडी मारण्याची, किंवा तो उंच टोलवून त्यामागें धांवण्याची चाल असे. स्कॉटलंडांतील खेळाडू मात्र चेंडू जमिनीसरसा ठेवून एकमेकांकडे देत देत पुढें सरकत. हीच स्कॉटिश पद्धति रॉबर्टसननें बुडापेस्टमध्यें रुजविली. तो दोन वर्षांनीं गेला. पण जातांना त्यानें जें पेरलें होतें, त्याची मशागत करणारा माणूस पुढें एका विलक्षण योगायोगानें मंडळाला लाभला.

त्या माणसाचें नांव जिमी हॉगन. हा लँकेशायर परगण्यांतील नेल्सन गांवीं १८८२ सालीं जन्मलेला इंग्रज. खेळाडू म्हणून त्याची कीर्ति बेताचीच होती. परंतु चेंडू आपल्या हुकमतींत कसा आणावा, ह्या एकाच प्रश्नाचा त्यानें जन्मभर पाठपुरावा केला. १९१४ सालीं महायुद्धाचा भडका उडाला तेव्हां हॉगन व्हिएन्नांत शिक्षकाचें काम करीत होता. ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इंग्लंड हीं राष्ट्रें परस्परांचीं शत्रु झालीं, आणि हॉगन हा शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेंत पडला. पुढें एम्. टी. के. च्या एका उमराव पदाधिकाऱ्यानें खटपट करून १९१६ च्या अखेरीस त्याला बुडापेस्टला आणविलें. पोलिसांकडे वेळोवेळीं हजिरी लावावयाची आणि उरलेला वेळ मंडळांतील मुलांना फुटबॉल शिकवावयाचा, अशी त्याची व्यवस्था झाली. एकीकडे दोन्ही देशांचीं सैन्यें एकमेकांविरुद्ध लढत असतां, दुसरीकडे शत्रूचा एक माणूस हंगेरियन मुलांना निश्चिंतपणें धडे देत होता, आणि त्याला आसरा देण्यांत मंडळाला कांहीं वावगें वाटलें नाहीं. पुढील प्रसंगाचा विचार करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मंडळांतील वयस्क खेळाडू बहुतेक सैन्यांत गेलेले असल्यामुळें हॉगनच्या वाट्याला पोरसवदा खेळाडू आले. ज्यॉर्ज ओर्ट आणि योझेफ ब्राउन ह्या दोघांना त्यानें शहरांतील एका उद्यानांत चेंडू खेळतांना हेरलें, असें सांगतात. दोघेही त्या वेळीं पंधरा वर्षांच्या आसपास होते. शाळा सुटल्यावर तो त्यांना रोज मैदानावर नेई. चेंडू येतांच तो पायाखालीं निर्जीव कसा करावा, दोन्ही पायांनीं सारख्याच सफाईनें कसा मारावा, आपल्या गड्याकडे चेंडू दिल्यावर स्वस्थ उभें न राहतां लगेच मोकळ्या जागीं कसें जावें, हे धडे तो पुन्हां पुन्हां गिरवून घेई. पाऊस पडूं लागला म्हणजे फळ्यावर खडूनें आंखून तीच गोष्ट समजावून देई. केवळ धांवून दम वाढविण्यावर त्याचा विश्वास नव्हता. सरावांत चेंडू पाहिजेच, असा त्याचा आग्रह असे. आज ह्यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. त्या काळीं मात्र इंग्लंडांतील कित्येक मंडळें आठवडाभर खेळाडूंना चेंडूला हात लावूं देत नसत. म्हणजे शनिवारीं त्यांची चेंडूची भूक वाढलेली असेल, असा त्यांचा समज होता. ह्यावरून हॉगनचें वेगळेपण दिसून येईल.

फळ अपेक्षेबाहेर मिळालें. युद्धामुळें दोन वर्षें रीतसर सामने झाले नाहींत. तीं सोडलीं, तर १९१४ पासून १९२५ पर्यंत देशाचें प्रत्येक अजिंक्यपद एम्. टी. के. नें मिळविलें. फेरेन्त्सवारोशचा नामांकित गोल करणारा खेळाडू इम्रे श्लोसर हाही १९१५ सालीं निळ्यापांढऱ्यांच्या बाजूस आला होता. ओर्ट तर मैदानावरील कोणत्याही जागीं सारख्याच कौशल्यानें खेळे. युद्ध संपल्यावर हॉगन मायदेशीं परतला. युद्धामुळें अडचणींत आलेल्या खेळाडूंसाठीं साहाय्यनिधि होता, म्हणून तो लंडनच्या फुटबॉल संघटनेकडे गेला. तेथें त्याच्या हातावर खाकी पायमोजांचे तीन जोड ठेवण्यांत आले, असें तो पुढें सांगत असे. शत्रूच्या देशांत राहिलेला माणूस अशी त्याच्याविषयीं भावना झाली होती. त्यानें जें शिकविलें, त्याची किंमत त्याच्या देशाला आणखी पस्तीस वर्षांनीं कळावयाची होती.

विद्या जेथें रुजते तेथेंच ती थांबत नाहीं. एम्. टी. के. चे खेळाडू शिक्षक होऊन देशोदेशीं पांगले. डोरी क्युर्शनर हा मंडळाचा जुना खेळाडू. हॉगनच्या मागून त्यानें मंडळांत शिक्षकाचें काम केलें, पुढें स्वित्झर्लंडांत नांव मिळविलें, आणि १९३७ सालीं ब्राझील देशांतील फ्लामेंगो मंडळाकडे तो गेला. बेला गुटमान हा १९२१ आणि १९२२ च्या विजयी संघांत होता. त्यानेंच पुढें पोर्तुगालच्या बेन्फिका मंडळाला १९६१ आणि १९६२ अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचा चषक मिळवून दिला. हे दोघेही ज्यू होते, हें सांगण्याचें कारण पुढें येईल.

१९२६ सालीं हंगेरींत पगारी फुटबॉल अधिकृतपणें सुरू झाला. तेव्हां एम्. टी. के. चा पगारी संघ हुंगारिया ह्या नांवानें खेळूं लागला. हें पहिलें नामांतर व्यवहाराच्या सोयीसाठीं झालें. त्यांत दुःख करण्यासारखें कांहीं नव्हतें. ह्या नांवानें मंडळानें १९२९, १९३६ आणि १९३७ सालीं अजिंक्यपद मिळविलें. परंतु तोंवर मंडळाभोंवतालचें जग पालटत चाललें होतें. पहिल्या महायुद्धांतील पराभवानंतर १९२० च्या तहानें हंगेरीनें आपला सुमारें दोनतृतीयांश मुलूख गमावला होता. ह्या अपमानाचें खापर फोडावयास कोणी तरी हवें होतें, आणि तें ज्यू लोकांच्या माथीं फुटलें. त्याच वर्षीं विश्वविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा झाला. १९३८, १९३९ आणि १९४१ सालीं आणखी कायदे होऊन त्यांचे धंदे, नोकऱ्या, विवाह ह्या सर्वांवर एकामागून एक निर्बंध आले. पिढ्यान् पिढ्या त्या देशांत राहिलेले, त्याच देशाची भाषा बोलणारे, त्याच देशासाठीं युद्धांत लढलेले नागरिक कायद्यानें परके ठरले.

ज्या मंडळाचा अध्यक्ष ज्यू, अनेक पदाधिकारी ज्यू आणि प्रेक्षकही पुष्कळसे ज्यू, त्याला ह्या कायद्यांची झळ लागल्यावांचून कशी राहील? १९४० सालीं हुंगारियाचा संघ मोडण्यांत आला. पस्तीस वर्षें संभाळलेलें अध्यक्षपद ब्र्यूलच्या हातून गेलें. पहिल्या महायुद्धांत ह्याच मंडळानें शत्रुराष्ट्राच्या माणसाला आपलें म्हटलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत त्या देशाच्या सरकारनें स्वतःच्याच माणसांना शत्रु ठरविलें. ह्या दोन प्रसंगांमध्यें पुरतीं पंचवीस वर्षेंही गेलेलीं नव्हतीं.

पुढें जें झालें, तें फुटबॉलच्या इतिहासांत बसणारें नाहीं. परंतु तें वगळून ह्या मंडळाचा इतिहास सांगतांही येत नाहीं. ज्यू पुरुषांना हातीं शस्त्र न देतां सैन्याबरोबर सक्तीच्या मजुरीसाठीं पूर्वेकडील आघाडीवर नेण्यांत येत असे. उद्यानांत चेंडू खेळतांना हॉगननें हेरलेला तो योझेफ ब्राउन, जो पुढें देशाच्या संघांतील उजव्या बगलेचा नामांकित खेळाडू झाला होता, तो १९४३ सालीं अशाच मजुरींत युक्रेनमध्यें मरण पावला. मार्च १९४४ मध्यें जर्मन सैन्यानें हंगेरी व्यापला. मे ते जुलै ह्या दोन महिन्यांच्या आंतच चार लाखांहून अधिक ज्यू लोक आगगाडीच्या डब्यांत कोंडून बाहेर पाठविले गेले, आणि त्यांतील बहुतेकांचा प्रवास आउश्विट्झ येथील छावणींत संपला. आल्फ्रेड ब्र्यूलचाही अंत १९४४ सालीं आउश्विट्झमध्येंच झाला. क्युर्शनर त्यापूर्वींच, १९४१ सालीं, दूर रिओ शहरीं वारला होता. गुटमान बुडापेस्टच्या परिसरांत लपूनछपून राहून वांचला. मंडळाचा पूर्वीचा बचावपटु जूला मांडी हाही वांचला.

१९४५ सालीं युद्ध संपलें, आणि एम्. टी. के. आपल्या मूळ नांवानें पुन्हां उभें राहिलें. पूर्वींच्यांतील किती तरी माणसें परत आलीं नव्हतीं. जीं आलीं, त्यांनीं मैदान साफसूफ करून खेळास आरंभ केला. परंतु लवकरच नव्या संकटानें गांठलें. देशांत साम्यवादी राजवट आली, आणि खासगी मंडळें असूं नयेत, प्रत्येक मंडळ कोणत्या तरी सरकारी खात्याच्या अगर कामगार-संघटनेच्या ओंजळीनें पाणी पिणारें असावें, असें धोरण ठरलें. किश्पेश्ट नांवाचें उपनगरांतील मंडळ सैन्याकडे गेलें आणि त्याचें होनवेद झालें. फेरेन्त्सवारोशचें नांव तर गेलेंच, पण हिरवा रंगही गेला. एम्. टी. के. प्रथम कापडगिरणी कामगारांच्या पदरीं बांधण्यांत आलें. तेव्हां त्याचें नांव टेक्स्टिलेश. १९५१ सालीं तें राजकीय पोलिसांच्या ताब्यांत गेलें, आणि त्याचें नांव बाश्त्या, म्हणजे बुरूज, असें झालें. त्या पोलिसखात्याच्या नांवानें लोक चळचळां कांपत. तेव्हां मंडळाच्या जुन्या चाहत्यांना हें नांव कसें वाटलें असेल, हें सांगावयास नको. १९५३ सालीं पुन्हां बदल होऊन व्यरश लोबोगो, म्हणजे लाल बावटा, असें नांव आलें. निळ्यापांढऱ्या मंडळाला हें नांव मिळावें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

नांवांची अशी फिरवाफिरव चालली असतां मैदानावर मात्र हॉगनच्या शाळेचा धडा पुढें चालू होता. १९४७ सालीं मार्टोन बुकोवी हा शिक्षक म्हणून आला. त्यानें जी युक्ति काढली, ती समजण्यासाठीं थोडें मागें जावयास हवें. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वीं पुढें असलेल्या खेळाडूच्या समोर प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. ती संख्या दोनांवर आली. गोल भराभर होऊं लागले. तेव्हां इंग्लंडांत सेंटर हाफ ह्या मधल्या खेळाडूला मागें ओढून बचावांत घालण्यांत आलें. त्याचें काम एकच: प्रतिपक्षाच्या सेंटर फॉरवर्डच्या मागें सावलीसारखें राहणें. पाठीवरील आंकड्यांनीं ह्या जोड्या ठरून गेल्या. पांच आंकड्याच्या खेळाडूनें नऊ आंकड्याच्या खेळाडूला धरावयाचें.

बुकोवीजवळचा धिप्पाड सेंटर फॉरवर्ड १९४८ च्या सुमारास इटलीला गेला. त्याच्या तोडीचा दुसरा मिळेना. तेव्हां बुकोवीनें विचार केला कीं, तसा माणूस नसेल तर ती जागाच वेगळ्या रीतीनें कां वापरूं नये? त्यानें पेतेर पालोताश ह्या हुशार खेळाडूच्या पाठीवर नऊ आंकडा ठेवला, पण त्याला पुढें न पाठवितां मैदानाच्या मध्यभागीं मागें खेळविलें. आतां प्रतिपक्षाच्या सेंटर हाफपुढें पेंच पडे. नऊ आंकड्याच्या मागें जावें, तर गोलासमोर भगदाड पडतें, आणि तेथें दुसरे आघाडीचे गडी घुसतात. जागेवर राहावें, तर नऊ आंकडेवाला मोकळा राहून सर्व खेळ आपल्या हातीं घेतो. माणूस न मिळाल्यामुळें सुचलेली ही योजना पुढें जगभर पसरली.

पालोताशच्या मागून ही जागा नांदोर हिदेगकुटी ह्यानें अशी कांहीं वठविली कीं, ती त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. देशाच्या संघाचा सूत्रधार गुस्ताव शेबेश हा स्वतः हुंगारिया नांवाच्या काळांत ह्याच मंडळाचा खेळाडू होता; त्याच्या हाताखालचा शिक्षक होता मृत्यूच्या दाढेंतून वांचलेला जूला मांडी. २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं हा संघ लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर इंग्लंडविरुद्ध उतरला. ब्रिटिश बेटांबाहेरील कोणत्याही देशानें इंग्लंडला त्याच्या घरीं तोंवर हरविलेलें नव्हतें. पुश्काश, कोचिश, बोझिक प्रभृति सात जण होनवेदचे होते. हिदेगकुटी, लांतोश आणि झाकारियाश हे तिघे लाल बावट्याचे, म्हणजेच एम्. टी. के. चे. पहिलें मिनिट पुरें होण्याच्या आंत हिदेगकुटीनें गोल केला. हॅरी जॉन्स्टन हा इंग्लंडचा सेंटर हाफ. ह्या नऊ आंकड्याच्या मागें जावें कीं आपली जागा धरावी, हें त्याला अखेरपर्यंत उमगलें नाहीं. हंगेरीचे सहा गोल झाले, इंग्लंडचे तीन. सहांपैकीं तीन हिदेगकुटीचे. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत बुडापेस्टमध्यें इंग्लंडला सात विरुद्ध एक अशी आणखी मोठी हार खावी लागली.

वेम्ब्लीच्या त्या सामन्यास जिमी हॉगन प्रेक्षक म्हणून हजर होता. त्याचें वय एकाहत्तर वर्षांचें होतें, आणि आपण शिकवीत असलेल्या ॲस्टन व्हिला मंडळाच्या तरुण मुलांना तो बरोबर घेऊन आला होता. आम्हांला फुटबॉलमध्यें जें कांहीं येतें तें हॉगननें शिकविलेलें आहे, अशा आशयाचे उद्गार हंगेरियन संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च ह्यांनीं सामन्यानंतर काढले. शेबेशनेंही तशीच कृतज्ञता व्यक्त केली. खाकी पायमोजे हातावर ठेवून ज्याची बोळवण झाली होती, त्याची योग्यता त्याच्या देशाला ह्या मार्गानें समजली.

१९५५ सालीं युरोपांतील मंडळांसाठीं चषकाची नवी स्पर्धा निघाली. तींत लाल बावट्यानें बेल्जमच्या आंडरलेख्ट मंडळाला सहा विरुद्ध तीन असें हरविलें; पालोताशनें त्या सामन्यांत तीन गोल केले, आणि त्या स्पर्धेंत एकाच सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. १९५६ च्या ऑक्टोबरांत बुडापेस्टमध्यें राजवटीविरुद्ध उठाव झाला. तो रणगाड्यांखालीं चिरडला गेला. परंतु त्या धामधुमींत मंडळांनीं आपलीं जुनीं नांवें परत घेतलीं, तीं पुन्हां कोणी काढून घेतलीं नाहींत. लाल बावटा जाऊन एम्. टी. के. आलें. पुश्काश, कोचिश आणि चिबोर हे होनवेदचे खेळाडू परदेशींच राहिले. हिदेगकुटी परत येऊन आपल्या मंडळाकडून खेळला, आणि १९५८ सालीं आणखी एक अजिंक्यपद पाहून निवृत्त झाला. पुढें त्यानेंही शिक्षकी पत्करली. इजिप्तच्या अल् अहली मंडळांत तर त्यानें अनेक वर्षें काम केलें.

१९६४ सालीं युरोपच्या चषकविजेत्या मंडळांच्या स्पर्धेंत एम्. टी. के. नें ग्लासगोच्या सेल्टिक मंडळाकडून तीन गोलांची हार खाल्ली, आणि बुडापेस्टच्या परत सामन्यांत चार गोल करून तिची भरपाई केली. अंतिम सामना लिस्बनच्या स्पोर्टिंग मंडळाशीं ब्रुसेल्स येथें तीन-तीन असा बरोबरींत सुटला. दोन दिवसांनीं अँटवर्प येथें झालेल्या फेरसामन्यांत कोपऱ्यावरून मारलेला चेंडू थेट गोलांत गेल्यामुळें चषक हातचा निसटला. त्यानंतर उतरती कळा लागली. अठरावें अजिंक्यपद १९५८ सालीं मिळालें होतें. एकोणिसावें मिळण्यास १९८७ साल उजाडावें लागलें. १९९७, १९९९, २००३ आणि २००८ ह्या सालांनीं तेविसाचा आंकडा पुरा केला. त्यानंतर मंडळ खालच्या श्रेणींत उतरलें, पुन्हां वर चढलें, असें एकाहून अधिक वेळां घडलें आहे.

१९१२ चें जुनें क्रीडांगण आतां नाहीं. महायुद्धांतील कैद्यांच्या संघानें जर्मन संघाशीं खेळलेल्या सामन्याची काल्पनिक कथा सांगणारा 'एस्केप टु व्हिक्टरी' हा १९८१ चा इंग्रजी चित्रपट ह्याच क्रीडांगणावर चित्रित झाला होता. त्यांत तें पॅरिसचें म्हणून दाखविलें आहे. ज्या मंडळाचा संघ त्याच युद्धकाळांत मोडला गेला, त्याच्या मैदानानें अशा रीतीनें दुसऱ्याचें सोंग घेतलें. पुढें तें पाडून २०१६ सालीं त्याच जागीं नवें क्रीडांगण बांधण्यांत आलें, आणि उद्घाटनाच्या सामन्यास १९६४ चा जुना प्रतिस्पर्धी स्पोर्टिंग ह्यालाच निमंत्रण होतें. नांव दिलें आहे नांदोर हिदेगकुटीचें. तो २००२ सालीं निवर्तला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. नांव म्हणजे मंडळ नव्हे; कारण टेक्स्टिलेश, बाश्त्या, लाल बावटा हीं नांवें धारण करूनही खेळ तोच राहिला. इमारत म्हणजेही मंडळ नव्हे. कारण जुनी पाडून नवी बांधतां येते. रॉबर्टसनपासून हॉगनकडे, हॉगनपासून ओर्ट-ब्राउनकडे, त्यांच्या पिढीपासून शेबेश-मांडींकडे आणि त्यांच्यापासून हिदेगकुटीकडे जें हस्तांतरित होत गेलें, तें ह्या मंडळाचें खरें धन. शिकलेल्यानें पुढच्याला शिकवावें, आणि शिकणारा कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, हें विचारूं नये, एवढ्या साध्या नेमावर तें उभें होतें.

परंतु मंडळ राहिलें, एवढ्यावरच समाधान मानणें हें खोटें समाधान होईल. सरकारी हुकमानें गेलेलें नांव कांहीं वर्षांनीं कां होईना परत आलें. पस्तीस वर्षें अध्यक्ष असलेला ब्र्यूल आणि उद्यानांतून उचलून आणलेला तो मुलगा ब्राउन हे परत आले नाहींत. हुंगारिया मार्गालगतच्या त्या लहान क्रीडांगणांत आजही सामन्याच्या दिवशीं निळ्यापांढऱ्या पताका लागतात. त्या ज्यांनीं प्रथम उभारल्या, त्यांच्या वंशजांपैकीं पुष्कळांच्या जागा मात्र रिकाम्याच आहेत, आणि कितीही अजिंक्यपदें मिळालीं तरी त्या भरून निघावयाच्या नाहींत.